पोळ्याचा बार आणि माझी जबानी

ज्या वर्षी आमच्या गावातल्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या, त्या वर्षीची ही हकीकत आहे. दूर कुठल्या मुलुखात लढाई लागली होती म्हणून विलायतेला कापूस मिळेना आणि आमच्या काळ्या रानातल्या बोंडांना कधी नव्हे ते मोल आले. ज्यांच्या घरी वर्षाला एक लुगडे यायचे त्यांच्या घरी चार येऊ लागली. मी तेव्हा नुकतीच नांदायला आले होते. माझे वडील अकोल्याला मराठी शाळेत दुय्यम मास्तर होते. त्यांनी मला लग्नाआधी चौथीपर्यंत शिकवले, मोडीही गिरवून घेतली. सासर अमरावतीकडच्या एका गावात, पाटलाच्या घरी. तिथे माझ्या शिक्षणाचा उपयोग एवढाच, की सासूबाई पाहुण्या बायकांना सांगायच्या, "आमची सून चौथी शिकली, पण तोंडात जीभ हाये का नाही ते अजून कोणी पायलं नाही." ते खरेच होते. घरात येऊन सहा महिने झाले तरी मी मामाजींसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, एक शब्द बोलले नव्हते.

घरी वर्षाच्या बोलीने राबणारा एक सालदार होता. माझ्या यजमानांना त्यानेच नांगर धरायला शिकवले, नदीत पोहायला शिकवले. वाड्यातले एक गोऱ्हे त्याने आपल्या हाताने वाढवले होते, त्याची आई गेली तेव्हा बोटांनी दूध चाटवून. मी आले तेव्हा ते गोऱ्हे मोठा पांढरा बैल झाले होते. त्या हंगामात कापसाच्या गाड्या घेऊन सालदार अमरावतीच्या बाजारात गेला. चिखलात बैल बसला. वजन करणाऱ्या माणसाला घाई झाली होती. त्याने हातातल्या काठीने बैलाला उठवायला सुरुवात केली आणि एक टोला डोळ्यावर बसला. सालदाराने जुवाची शिवळ, बैलाच्या मानेशी असते ती लाकडी खुंटी, उपसली आणि त्या माणसाच्या डोक्यात घातली. माणूस दोन दिवस बेशुद्ध होता, मग वाचला. बैलाचा डावा डोळा मात्र गेला. सालदाराला कोठडीत टाकले आणि पावसाळा लागल्यावर एक दिवस तो तिथून पळाला. एकडोळ्या बैल आमच्या गोठ्यातच होता.

तो पळाला म्हटल्यावर पोळ्याला येणार हे गावात सगळ्यांना ठाऊक होते, आणि पोलिसांनाही ते कोणीतरी सांगितले. वर्षभर राबलेल्या बैलाला त्या एका दिवशी जो सजवत नाही, त्याला कोणी शेतकरी म्हणत नाही. पोळ्याच्या चार दिवस आधी एक जमादार मामाजींना रात्री भेटून गेला. हे मला नंतर कळले. जमादार उत्तरेकडचा, मुसलमान, बोलायला मऊ. त्याने मामाजींकडून सगळे नीट विचारून घेतले. बैल कुठे जमतात, तोरण कुठे बांधतात, गावाला वाटा किती, कोण कुठे उभा राहतो. मामाजी सरकारचे पाटील. त्यांनी विचारले तेवढे सगळे सांगितले आणि घरात कोणाला काही कळू दिले नाही.

दोन दिवसांनी गावात बेगड, झुली आणि घुंगरमाळा विकणारे तिघे आले. सासूबाईंनी एकाला विचारले, तोंडावर बांधायची मोरकी केवढ्याला. त्याने नाकात घालायची वेसण उचलून दिली. दुसऱ्याने झूल उलटी दाखवली. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या की हे विकणारे बैलांचे नसून बहुतेक घोड्यांचे आहेत. बायका हसल्या आणि त्या हसण्यात कोणाला शंका आली असेल तर ती तिने गिळून टाकली. त्या तिघांतला एक तिशीचा, गालावर देवीचे वण असलेला माणूस होता. मी पाणी दिले तर त्याने खाली मान घालून घेतले आणि तांब्या उपडा करून ठेवला. तो मला तेवढाच आठवतो, पण त्याच्याविषयी पुढे लिहायचे आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मामाजींनी बैलांच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळले आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या कानाशी म्हटले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एकडोळ्या बैलाजवळ ते जरा जास्त वेळ उभे राहिले. सालदार त्या रात्री आला नाही.

इथे आमच्या गावची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळे तिच्यावरच आले. बाकी गावांत पाटील काठीने तोरण तोडतो आणि मग बैल सुटतात. आमच्या गावात तसे नव्हते. मामाजींच्या आजोबांच्या वेळची एक तोड्याची, म्हणजे वात पेटवून उडवायची, बंदूक होती. ती गावचा कोतवाल उडवायचा. बार झाला की पाटलाची मानाची जोडी सुटायची, आणि तिच्यामागे ज्याने त्याने हातातले कासरे सोडून द्यायचे. बैल आपापली घरे ओळखत धावत यायचे आणि दारात बायका पाण्याचा तांब्या आणि आरती घेऊन उभ्या असायच्या. चाळीस जोड्या एकदम सुटल्या की गाव थरथरायचे. हे गावाला इतके सवयीचे होते, की कोणाला सांगायची गोष्ट आहे असे कोणालाच वाटले नसते. जमादाराने विचारले नाही. मामाजींनी सांगितले नाही.

त्या दिवशी मी आमच्या ओट्यावर होते. ओटा उंच आहे, तिथून मारुतीसमोरचे मैदान पूर्ण दिसते. तोरणाखाली पहिली आमची जोडी, कासरे माझ्या यजमानांच्या हातात. त्यांच्या उजव्या बाजूला दहा हातांवर एकडोळ्या बैल आणि त्याचा जोडीदार, एका म्हाताऱ्या गड्याने धरलेले. गर्दी दाटली तेव्हा घोंगडी पांघरलेला एक माणूस त्या गड्याजवळ गेला आणि त्याने त्याच्या हातून कासरा घेतला. गडी बाजूला झाला. मैदानातल्या निम्म्या माणसांनी ते पाहिले असेल. कोणी मान वळवली नाही. पण बैलाला डावीकडचे दिसत नव्हते. त्याने सगळी मान वळवून त्या माणसाच्या काखेत तोंड घातले आणि तसेच धरून ठेवले. जमादार मारुतीच्या पारावर होता. त्याने ओळखले ते बैलाच्या त्या वागण्यावरून.

तो ओरडला. झुली विकणारे तिघे, ते वेष पालटलेले शिपाईच होते, टोपल्या टाकून धावले. घोंगडीवाला खाली वाकला. तेव्हा जमादाराने आकाशात बंदूक उडवली. त्याच्या मुलुखात बंदुकीचा आवाज झाला की माणसे जागच्या जागी थांबतात, खाली बसतात. सगळे थांबावे म्हणूनच त्याने ती उडवली.

पुढचे मी पाहिले ते असे. कोतवाल आमच्या यजमानांच्या शेजारीच उभा होता आणि अजून तोड्यावर फुंकर घालत होता. त्याची बंदूक उडालीच नव्हती. मागच्या लोकांना ते दिसणे शक्य नव्हते. यांना दिसत होते. यांनी कोतवालाच्या बंदुकीकडे पाहिले. मग उजवीकडे, खाली वाकलेल्या घोंगडीकडे पाहिले. मग हात उघडले. ते दचकले नव्हते, कासरे निसटलेही नव्हते. बोटे एकेक करून सुटली.

आमची जोडी गेली आणि तिच्यामागे सारे मैदान गेले. धुळीत काही दिसेना. बैल घरोघर आले, बायकांनी सवयीने पायांवर पाणी घातले, आणि मग मैदानातून माणसाच्या ओरडण्याचा आवाज येत राहिला. तो देवीच्या वणांचा शिपाई होता. त्याची उजवी मांडी आणि गुडघा खुरांखाली चुरडला होता. सालदार नाहीसा झाला होता. एकडोळ्या बैल सगळ्यांच्या मागून, एकटा, हळूहळू आमच्या दारात आला. मी त्याचे पाय धुतले. 

आठ दिवसांनी अमरावतीहून साहेब चौकशीला आला. शिपायाचा पाय अमरावतीच्या दवाखान्यात कापावा लागला होता. जमादाराने लिहून कळवले होते, की फरारी आसामीला वाचवण्यासाठी गावाने ठरवून जनावरे सोडली. ते खरे ठरले तर मामाजींची पाटीलकी जाणार आणि ज्याच्या हातून पहिली जोडी सुटली तो तुरुंगात जाणार, हे लहान पोरालाही कळत होते. पहिली जोडी कोणाच्या हातात होती हेही सर्वांना ठाऊक होते.

तीन दिवस चावडीत जबान्या चालल्या. माणसे एकामागून एक जात आणि तेच सांगत, की बार झाला आणि आम्ही बैल सोडले. दर पोळ्याला तसेच करतो. ते खोटे बोलत नव्हते. पण चाळीस तोंडांतून तेच वाक्य निघाल्यावर साहेबाला वाटले, पाटलाने पढवून ठेवले आहे. चावडीत एकदा जमादार मामाजींना म्हणाला, "पाटील, इतनी बात बता देते तो क्या जाता था?" मामाजी म्हणाले, "तुमी इचारलं असतं तं सांगतलं असतं. बंदूक उडवनार हे तुमी तरी कुठी सांगतलं?"  साहेब हे सगळे ऐकत होता, असे घरी येऊन मामाजींनी सांगितले. त्यांना जमादाराचा राग नव्हता. त्याची नोकरी जाईल याचे वाईट वाटत होते.

शेवटी साहेबाने विचारले, की मैदानात कोण होते ते कळले, वरून कोणी पाहिले. ओट्यांवर बायका होत्या. बायकांना चावडीत कोण पाठवणार. आणि मग कोणीतरी सांगून टाकले, की पाटलाची सून लिहिणारी आहे.

मामाजी त्या दुपारी माजघराच्या दारापर्यंत आले. मी भाजी निवडत होते. उठून भिंतीकडे तोंड केले. ते माझ्याशी पहिल्यांदाच थेट बोलले. "सूनबाई, साहेब आपल्या ओट्यावर येऊन रायला. तू दाराआड बस. जे पायलं असन ते सांग. भ्यायचं काही काम नाही, आपल्या लोकायनं काही केलं नाही." ते अगदी मनापासून म्हणाले. त्यांना आपल्या मुलाविषयी काहीच ठाऊक नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "घरात बोलत नाही ते साहेबापुढं का बोलन?"

यजमान गोठ्याच्या दारात उभे होते. पोळ्यापासून ते नीट जेवले नव्हते. आमची दृष्टादृष्ट झाली आणि त्यांनी मान खाली घातली. मला तेव्हा वाटले, मी पाहिले हे यांना ठाऊक आहे का. मला ठरवता आले नाही.

दार अर्धे लोटून मी आत बसले. बाहेर खुर्चीवर साहेब, खाली जाजमावर कारकून, कडेला जमादार. कारकून देशावरचा, आमचे बोलणे ऐकून कपाळाला आठी घालणारा. साहेबाला मराठी समजत होते. त्याने विचारले. मी उत्तर दिले, पण माझा आवाज माझ्यापर्यंतच पोचला. पुन्हा विचारले. पुन्हा तेच. कारकून म्हणाला की बाई बोलत नाहीत. मग मी सासूबाईंच्या कानात सांगून पाटी मागितली. माझी माहेरची पाटी होती, अकोल्याहून आणलेली. तिच्यावर मी लिहिले आणि दाराच्या फटीतून बाहेर सरकवली.

बंदुकीचा बार झाला. नंतर आमची जोडी सुटली. नंतर बाकीच्या.

साहेबाने विचारले, बाराच्या आधी एकही जोडी सुटली नव्हती का. मी लिहिले, नाही. आधी गावातल्या कोणी ओरडून खूण केली का. नाही. दरवर्षी बार झाल्यावरच सुटतात, असे घरी सांगतात का. हो. प्रत्येक उत्तर खरे होते आणि मी प्रत्येक उत्तर लिहिताना पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होते. तो प्रश्न त्याने विचारला नाही. पहिली जोडी धरणाऱ्याला कोतवालाची न उडालेली बंदूक दिसत होती का, हे त्याच्या मनात आले नाही.

कारकुनाने कागदावर मोडीत जबानी लिहिली, भराभर वाचून दाखवली आणि सहीसाठी आत दिली. वाचताना एक शब्द माझ्या कानाला खटकला होता. मी कागद उजेडाकडे धरून सावकाश वाचला. त्याने लिहिले होते, बार होताच आमचे यजमानांनी दरसालच्या सवयीप्रमाणे जोडी सोडली.

त्याने ते आमच्या भल्यासाठीच लिहिले असावे, किंवा वाक्य पुरे दिसावे म्हणून. त्या एका शब्दाने सारे मिटणार होते. सासूबाई मला कोपराने ढकलून म्हणाल्या, "कर ना वं सही." माझ्या हातात लेखणी होती. वडिलांनी मला शिकवताना एक गोष्ट पक्की केली होती, की आपले नाव ज्याच्याखाली घालायचे ते आधी वाचायचे. मी तो शब्द वाचला आणि मला बोटे दिसली, एकेक करून उघडणारी. मी पाटी पुसली आणि लिहिले, 'सवयीप्रमाणे' हे मी म्हटले नाही.

कारकून वैतागला. "मग कशाप्रमाणे सोडली, बाई?"

 मामाजी बाहेर उभे होते. मला वाटले, मी माझ्या हाताने घर बुडवले. मी पाटी पुन्हा पुसली. मग मी लिहिले, मला कासरे सुटताना दिसले. सवय दिसली नाही. ती डोळ्यांना दिसत नाही.

साहेबाने पाटी दोनदा वाचली. मग कारकुनाला तो शब्द खोडायला सांगितला आणि म्हणाला, की या गावात जेवढे पाहिले तेवढेच सांगणारी ही एकच साक्षीदार आहे, आणि ती आपल्या फायद्याचा शब्दसुद्धा घेत नाही. मी सही केली. त्याच संध्याकाळी त्याने चौकशी संपवली. गावाने कट केला नाही, असे ठरले. रीत ठाऊक करून न घेता बंदूक उडवली, हा जमादाराचा दोष ठरला. मामाजींना ताकीद मिळाली.

मामाजी आत आले आणि दारापासून म्हणाले, "बाई, तुवं पाटीलकी राखली." सासूबाईंनी त्या रात्री माझ्या ताटात आधी वाढले. मी जेवू शकले नाही. खरे लिहूनच मी लपवले होते, हे मला एकटीला कळत होते. आणि आणखी एकाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात शेण काढत होते. हे आले आणि एकडोळ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. दिवसा आम्ही कधी एकमेकांशी बोलत नव्हतो. हे म्हणाले, "तुले दिसलं होतं."

मी मान डोलावली.

"मंग कावून नाही सांगतलं?"

मी म्हणाले, त्यांनी विचारले नाही. हे थोडे हसल्यासारखे झाले, मग तोंड फिरवले. "त्यानं मले पाण्यात धरून पोहाले शिकवलं," हे म्हणाले. "मले दुसरं काही सुचलं नाही. मांगं कोन उभं हाये ते मी पायलंच नाही." मी शेणाची पाटी खाली ठेवली.  मी एवढेच म्हणाले, की शिपायाला भेटून या.

ते अमरावतीला गेले. परत आल्यावर जे सांगितले ते मी इथे लिहिते. शिपाई खाटेवर होता. हे खाटेच्या पायथ्याशी बसले आणि सरळ सांगितले, की बार आमचा नव्हता हे मला दिसत होते, तरी मी जोडी सोडली. हवे तर साहेबाला सांग, मी नाही म्हणणार नाही. शिपायाने ऐकून घेतले. मग म्हणाला, "अब बोलने से पाँव तो उगेगा नहीं, पाटील." थोड्या वेळाने त्याने विचारले, तो काणा बैल कोणाचा. यांनी सांगितले. तो म्हणाला, त्याच्याही घरी, गंगेकडे, बैल आहेत, आणि त्याचा भाऊ त्यांना असेच काखेत घेतो. मग त्याने पान मागितले. यांनी लावून दिले. त्याने साहेबाला काही कळवले नाही. कळवले असते तर मी हे लिहायला बसले असते की नाही, कोण जाणे. पुढे आमच्या घरून दर हंगामाला त्याच्यासाठी ज्वारी आणि तूर जाऊ लागली. तो घेत असे, पण कधी आमच्या गावी आला नाही. आला असता तरी त्याला कोणत्या ओट्यावर बसवायचे हे मला कळले नसते.

सालदार सापडला नाही. मेळघाटात कोणाच्या गाई राखतो असे लोक म्हणत. एकडोळ्या बैल चार वर्षांनी म्हातारा होऊन मेला.

जमादाराला मी पुढे एकदा पाहिले. अकोल्याला पहिल्या बाळंतपणाला गेले होते. तोवर कापूस उतरला होता, आणि आगगाडीही अकोल्यापर्यंत आली होती. एका कापसाच्या वखारीच्या दारात तो काठी घेऊन बसला होता, सरकारी पट्ट्याशिवाय. दाढी पांढरी झाली होती. एक बैलगाडी आत वळत होती, तिचे बैल बिथरले, तेव्हा तो उठून बाजूला झाला आणि गाडीवानाला म्हणाला, आधी तू सांग, इथे यांना कसे थांबवतात. गाडीवानाने सांगितले. त्याने तसेच केले. त्याने मला ओळखले नाही, ओळखणार तरी कसा, त्याने माझी फक्त पाटी पाहिली होती. मी पदर पुढे ओढून निघून आले. त्याच्या नोकरीचे जे झाले त्यात माझ्या सहीचाही भाग होता. मी थांबून त्याला काही बोलले असते तर बरे झाले असते. 

आमच्या गावात त्या वर्षानंतर पोळ्याला बार होत नाही. मामाजींनी तोड्याची बंदूक चावडीत जमा केली आणि बाकी गावांसारखे काठीने तोरण तोडायला सुरुवात केली. पुढे पाटीलकी यांच्याकडे आली. मानाची जोडी धरणे हा पाटलाच्या मुलाचा मान. आमच्या मुलाला तो मिळाला, तोवर पुतण्याला. यांनी मात्र पुन्हा कधी पोळ्यात कासरा हातात घेतला नाही. तोरणाच्या एका कडेला उभे राहत, हात मागे बांधून. तोरण तुटले आणि बैल सुटले की आधी मागे वळून पाहत, वाटेत कोणी आहे का. मी ओट्यावरून पाहायची. आता ते नाहीत. मुलगा तिथे उभा राहतो, आणि बापाला पाहून शिकल्यासारखा तोही मागे वळून पाहतो. त्याला कारण विचारले तर त्याला सांगता येणार नाही. मी अजून सांगितलेले नाही.